साहेबांचं भाषण आणि पेटीतली मी

माझा नवरा जगप्रसिद्ध जादूगार आहे. आमच्या टेम्पोच्या दोन्ही बाजूंना तसं रंगवलेलंच आहे, आणि मागच्या फाळक्यावरही, म्हणजे मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरलाही शंका राहायला नको. जग म्हणजे पश्चिमेला अकोले, पूर्वेला पाथर्डी, खाली श्रीगोंदा आणि वर कोपरगाव. एकदा येवल्याला शो झाला होता. तेव्हापासून बॅनरवर 'परदेश दौरा गाजवून आलेले' असंही एक वाक्य चढलं. जिल्ह्याची हद्द ओलांडली की परदेश, हे मला लग्नानंतरच कळलं.

स्टेजवर तो सांगतो की आपण बंगालमध्ये मोठमोठ्या गुरूंच्या पायाशी बसून विद्या शिकलो. बंगालच्या दिशेनं तो जास्तीत जास्त मनमाडपर्यंत गेलेला आहे, तेही मामेबहिणीच्या लग्नाला. पहिली विद्या त्याला नगरमधल्या एका स्टेशनरीवाल्यानं दिली, जो वह्या-पेनांबरोबर पत्त्यांचे आणि दोरीचे खेळ विकायचा. बाकीची विद्या मोबाईलवर. फेटा एका बंद पडलेल्या बँडवाल्याकडून घेतलेला, तयार बांधलेला, टोपीसारखा घालता येतो. कोटावरच्या टिकल्या मी लावते आणि आतले चोरखिसेही मीच शिवते. ज्या बाहीतून तो कबुतर काढतो त्या बाहीला एक टाका जरी चुकीचा पडला तर बंगालच्या सगळ्या गुरूंनी मिळून ओढलं तरी कबुतर बाहेर येणार नाही.

बॅनरवर मी 'राजकन्या' आहे. फोटो लग्नाच्या वर्षीचा आहे. आता मुलगा नोकरीला लागला, मला चष्मा लागला, पण बॅनरवाल्याकडे तोच फोटो सेव्ह केलेला आहे आणि नवऱ्याला दुसरा काढायची गरज वाटत नाही. शो संपल्यावर पोरं फोटो काढायला येतात तेव्हा आधी बॅनरकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग नवऱ्यासोबत काढतात.

आमच्या शोचा जीव म्हणजे पेटी. उभं कपाट म्हणा ना. काळं, सोनेरी पट्ट्यांचं, खाली चाकं. दारं उघडली की आत रिकामं दिसतं. नवरा आतून काठी फिरवून दाखवतो, दारं लावतो, मंत्र म्हणतो, पुन्हा उघडतो, आणि आतून राजकन्या हात जोडून बाहेर येते. मी रहस्य फोडते आहे असं कुणी म्हणू नये. शाळेतली पोरं पहिल्या रांगेतून ओरडून सांगतातच, "मागं जागा हाय!" आहेच. मागच्या अंगाला एक सरकती फळी आहे आणि तिच्यामागे एक खण. त्या खणात गुडघे हनुवटीला लावून, मान खाली घालून बसायचं. आतून ढकललं की फळी सरकते. दारांना कडी नाही, नुसतं लोहचुंबक आहे, तीही ढकलली की उघडतात. म्हणजे मला कुणी कोंडत नव्हतं. मी हवं तेव्हा बाहेर येऊ शकत होते. फक्त यायचं नसतं, एवढंच.

खेळ एकच असला तरी त्याचं निमित्त गावोगाव बदलतं. शाळेत गेलो की मुख्याध्यापक म्हणतात, नुसती करमणूक नको, काहीतरी संदेश द्या. मग पेटीतून मी 'मुलगी वाचवा' म्हणून निघते. अकोल्याच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेत मी हातात रोप घेऊन निघाले, कारण तिथल्या गुरुजींना झाडांचा संदेश हवा होता. त्या रोपाची कुंडी खणात माझ्या मांडीवर होती आणि आदल्याच घटकेला गुरुजींनी तिला भरपूर पाणी घातलं होतं. सुप्याच्या एका कारखान्यात सुरक्षेचा सप्ताह होता, तिथे हेल्मेट घालून निघाले. हेल्मेट मुकुटावर बसेना, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी मुकुट काढायला लावला. एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला बचतीचा संदेश होता. रिकाम्या पेटीतून शेवटी काहीतरी निघतं हे बघून ठेवीदारांनी ज्या टाळ्या वाजवल्या, तशा मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या.

पेटी नेहमी पहिल्या खेळाला. पब्लिक पहिल्याच फटक्यात गार झालं पाहिजे असं नवऱ्याचं मत. त्यासाठी शो सुरू व्हायच्या आधीच टेम्पोच्या आडोशाला मला पेटीत बसायचं आणि नवऱ्यानं आणि ड्रायव्हरनं ती ढकलत स्टेजवर आणायची. ड्रायव्हर म्हणजे आमच्या शोचा ड्रायव्हर, हमाल आणि कॅसिओवाला, तिन्ही एकच. आतल्या माणसाशी बोलायची सोय नसते, म्हणून आमची एक खूण ठरलेली. मी आतून दोनदा ठोकलं की मला निघायचंय. त्यानं बाहेरून एकदा ठोकलं की थांब.

दोन-तीन वर्षांपूर्वी माझी पाठ धरली आणि डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. नगरच्या डॉक्टरांनी एमआरआयचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, "पेटीत बसते." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि केसपेपरवर 'बैठं काम' असं लिहिलं. मग नीट समजावून सांगितलं की मणक्यातली चकती सरकली आहे, ती शिरेवर दाबते आहे, यापुढे असं घडी होऊन बसायचं नाही. मुंग्या येतात तोवर ठीक, पण पाय बधिर झाला आणि तसाच राहिला तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतरही तो पाय पूर्वीसारखा होईल याची खात्री नाही.

हे मी नवऱ्याला अक्षरन् अक्षर सांगितलं. तो म्हणाला, "एवढा सीझन काढ. मग बघू." आमचा सीझन गणपतीत सुरू होतो, नवरात्रातून शाळांच्या गॅदरिंगमध्ये शिरतो, तिथून यात्रांमध्ये, यात्रांमधून वाढदिवसांमध्ये, आणि तोवर पुन्हा गणपती येतात. वाढदिवसांना तर या जिल्ह्यात सीझनच नाही. मी हट्ट धरला तेव्हा म्हणाला, "मग एखादी बारीकशी पोरगी बघतो." मी म्हटलं, "बघा की." तो बघत होता. कुणी आपली पोरगी पेटीत बसायला देत नव्हतं, आणि याचं त्याला खरोखर आश्चर्य वाटत होतं.

माझं म्हणणं अगदी सरळ होतं. पेटी बंद करा, मी स्टेजवर उभी राहते. दोरीचा खेळ, कड्यांचा खेळ, रुमालांचा खेळ हे सगळं मला येतं. चोरखिसे शिवणाऱ्या हाताला दोरी काय अवघड आहे? सुप्याच्या त्या कारखान्यात त्याचा घसा बसला होता, तेव्हा दोरी आणि कडी मीच केली होती. समोर कामगारांच्या बायका-पोरं होती. त्यांनी छान टाळ्या वाजवल्या. परत येताना मी म्हटलं, "बघा, चाललं की." तर म्हणाला, "कौतुकानं वाजवल्या गं. बाईमाणूस जादू करतंय म्हणल्यावर लोक कौतुक करत्यात. पेटी ती पेटी." त्याला दुसरा खेळ सुचत नाही हे तो कधी म्हणाला नाही. पब्लिकला पेटी लागते, असं म्हणाला.

अशातच त्या साहेबांच्या वाढदिवसाची सुपारी आली.

गावाचं नाव सांगत नाही. पूर्वेकडचं, कोरडं, मोठं गाव. साहेब म्हणजे नक्की कोण, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. फ्लेक्सवर त्यांच्या नावाआधी 'भावी' असं होतं आणि नावानंतर काहीच नव्हतं. आमच्याकडे 'भावी' हे एक पदच आहे. काही लोक त्या पदावर वर्षानुवर्षं टिकून आहेत आणि त्यांना तिथून कुणी हलवू शकत नाही.

वाढदिवसाची गंमत अशी की तो त्या दिवशी नव्हताच. साहेब जन्मले ऐन थंडीत. पण तोवर त्या भागातली निम्मी घरं ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेली असतात. गावात म्हातारी माणसं, कुलपं आणि कुत्री राहतात. टाळ्या वाजवायला माणूस नाही आणि केक खायलाही. म्हणून साहेबांनी स्वतःचा जन्म पुढे ओढून दसऱ्याच्या आधी घेतला होता. टोळ्या निघायच्या आत उरकून घेतलेला वाढदिवस. यात कुणाला काही चमत्कारिक वाटत नव्हतं. आमच्या सगळ्या शोमध्ये एवढा मोठा चमत्कार नाही.

शाळेच्या मैदानावर स्टेज होतं. ऊन उतरलं होतं. पुढे चटयांवर बायका-पोरं, मागे पुरुष, त्यांच्या मागे मोटारसायकलींवर बसलेले. निवेदक माईकवरून सारखं सांगत होता की साहेब नगरहून निघालेत, साहेब अमुक फाट्यावर आलेत, साहेब आलेच. साहेब येताक्षणी पहिली जादू, मग केक, मग उरलेला शो, असं ठरलं होतं. नवरा टेम्पोपाशी फेटा घालून तयार होता आणि मी जरीचा घागरा घालून चहाचा कप हातात धरून उभी होते. तेवढ्यात माईकवर ओरड झाली, "साहेब वेशीत आलेले आहेत!"

"चल, चल, बस आत," नवरा म्हणाला.

इथे माझ्या नवऱ्याची चूक झाली, आणि ही चूक करायला माणूस याच धंद्यातला आणि याच जिल्ह्यातला लागतो. उभं आयुष्य या गावांत शो करण्यात गेलं. त्याला कळायला हवं होतं की साहेब नगरपासून वेशीपर्यंत गाडीतून येतात, पण वेशीपासून स्टेजपर्यंत ते लोकांच्या प्रेमातून येतात, आणि हा प्रवास नगरच्या प्रवासापेक्षा मोठा असतो. वेशीत डीजे उभा होता. दोन जेसीबी फुलं भरून उभे होते. मंदिरांत दर्शन होतं, चौकात हार होता, आणि ज्यांच्या घरावरून मिरवणूक जाणार त्यांच्या दारात ओवाळणं होतं.

हे सगळं मी पेटीतून ऐकलं. चहा अर्धा टाकून आत बसले होते. डीजे जसजसा जवळ यायला लागला तसतसं पेटीचं प्लायवूड थरथरायला लागलं, आणि त्याबरोबर माझे दात. स्टेजवर चढवताना ड्रायव्हर पेटीच्या मागून तोंड जवळ आणून म्हणाला, "वहिनी, बरं हाय ना?" मी म्हटलं, "हाय." तेव्हा खरोखरच बरं होतं. श्वासासाठी पेटीच्या मागच्या बाजूला भोकं आहेत. त्यातून मला स्टेजवरच्या फ्लेक्सची एक कड दिसत होती आणि साहेबांच्या जोडलेल्या हातांमधला एकच हात.

पेटी माईकच्या अगदी शेजारी ठेवली होती, कारण बाकी जागेत सोफा होता. साहेब एकदाचे स्टेजवर आले, आणि मला वाटलं, आता दारं उघडतील. पण निवेदकानं सत्कार सुरू केले.

आमच्याकडे सत्कार झाल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. बारसं असो की क्रिकेटची मॅच, आधी शाल, नारळ आणि फेटा. पहिल्यांदा साहेबांचा सत्कार झाला. मग साहेबांच्या हस्ते इतरांचा. सोसायटीच्या चेअरमनचा झाला, मुकादमांचा झाला, मंडपवाल्याचा झाला, जेसीबीच्या मालकांचा झाला. प्रत्येकाच्या आधी निवेदक शेर म्हणायचा. एकाचं नाव राहून गेलं तर तो उठून चालायला लागला. मग त्याला चार जणांनी धरून परत आणलं आणि त्याचा सत्कार डबल शाल देऊन झाला. ज्याचा सत्कार झाला त्यानं नारळ धरून तरी किती वेळ उभं राहायचं? जवळ एकच सपाट जागा होती, आमची पेटी. डोक्यावर नारळ टेकल्याचा आवाज यायचा, ठक्, आणि त्यावर शाल पडायची. थोड्या वेळानं वरून येणारी हवा कमी झाली. भोकं मागे होती म्हणून नशीब, नाहीतर गावाच्या मानसन्मानाखाली मी तिथेच गुदमरले असते.

तोवर पाय बोलायला लागला होता. आधी मुंग्या, त्या ओळखीच्या. मग पोटरीत चटके. मग चटके थांबले, आणि ते थांबले तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. डावा पाय जागेवर आहे हे हात लावून समजत होतं, पण पायाला माझा हात समजत नव्हता. मी बोटं हलवायला सांगितली आणि ती हलली नाहीत. अंधारात घामानं डोळे चुरचुरत होते आणि मनात एकच चाललं होतं, की पाय गेला तर? स्टेजवर उभं राहायचं म्हणते आहे मी, आणि उभंच राहता आलं नाही तर?

मी दोनदा ठोकलं.

नवरा पेटीला टेकूनच उभा होता. त्याच्या अत्तराचा वास येत होता. बाहेरून एकदा ठोकलं गेलं. थांब.

मी थांबले. इतकी वर्षं तीच सवय होती. बाहेर निवेदक म्हणाला की आता साहेब आपल्याला मार्गदर्शन करतील. साहेबांनी मार्गदर्शनाला सुरुवात केली. आधी गावाच्या पाण्याबद्दल बोलले, मग रस्त्याबद्दल, मग स्वतःच्या साधेपणाबद्दल. साधेपणाबद्दल ते पुष्कळ बोलले. आणि मग माता-भगिनींकडे वळले. भाषणाच्या भरात त्यांनी पेटीवर थाप मारली आणि म्हणाले, "माझ्या या माउलींनी किती सोसायचं? आता एकाही भगिनीला मी अंधारात राहू देणार नाही!" नारळ हलले. टाळ्या पडल्या. मी त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर अंधारात बसले होते आणि पायाला चिमटे काढत होते.

पुन्हा दोनदा ठोकलं, या वेळी जोरात. आता निवेदकालाही काहीतरी ऐकू गेलं असावं. तो नवऱ्याच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "महाराज, साहेबांना चिठ्ठी देऊ का? तुमचा खेळ आधी उरकून घेऊ?"

आणि माझा नवरा म्हणाला, "होऊ द्या, होऊ द्या. साहेबांचं निवांत होऊ द्या. आपली पेटी काय कुठं पळून चाललीय?"

मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. पाठीचा नाही, पायाचाही नाही. त्यानं खूण ऐकली नसती तरी मी समजून घेतलं असतं. त्या गोंगाटात काय ऐकू येणार. पण त्यानं ऐकली होती. ऐकून, समजून, हसत बोलला होता, आणि बोलताना पेटी म्हणाला होता. आत मी आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, त्यातला एक ड्रायव्हर खाली कॅसिओपाशी बसलेला.

मी फळी ढकलली, मग दारं ढकलली, आणि बाहेर आले.

बाहेर आले म्हणजे पडले. राजकन्येनं हात जोडून यायचं असतं. मी गुडघ्यावर आले, मुकुट कानावर, कपाळाला केस चिकटलेले. पेटी हलली तसे वरचे नारळ सुटले आणि स्टेजवरून गडगडत चटयांपर्यंत गेले. साहेबांचं वाक्य अर्धवट राहिलं. त्यांनी दचकून निवेदकाचा दंड धरला, आणि निवेदकानं माईकचा. मग जो जल्लोष उठला तो विचारू नका. शिट्ट्या, आरोळ्या, मोटारसायकलींचे हॉर्न. आमच्या पेटीला कधीच एवढी दाद मिळाली नव्हती. आणि तेव्हा, सगळं होऊन गेल्यावर, माझा नवरा पुढे झाला, काठी वर केली आणि म्हणाला, "आबरा का डाबरा!"

साहेबांना वाटलं हे सगळं त्यांच्या सन्मानार्थच होतं. ते सावरले आणि म्हणाले, "वा! काय वेळ साधली! मी भगिनींचं नाव घेतलं आणि भगिनी प्रकट झाली!" त्यांनी खाली पडलेली एक शाल उचलली आणि नवऱ्याचा सत्कार केला. मी तिथेच खाली बसले होते. पुढच्या चटईवरच्या दोन बायका मात्र कुणाला न विचारता स्टेजवर चढल्या होत्या. त्यांना जादू वगैरे काही दिसलं नव्हतं, त्यांना पाय दिसला होता. एकीनं माझी टाच मांडीवर घेतली आणि उसाच्या कांड्यासारखी दोन्ही हातांनी चोळायला लागली. दुसरी म्हणाली, "अगं बया, गार पडलाय पाय. कवाधरनं आत हुतीस तू?"

मी म्हटलं, "साहेब वेशीत आल्यापासनं."

ती मोठ्यानं म्हणाली, "डीजेच्या आधीपासनं?" आणि हे पुढच्या सगळ्या चटयांनी ऐकलं.

हळूहळू चटके परत आले. तळव्यात सुया टोचायला लागल्या तेव्हा मला रडू आलं, आनंदानंच. साहेब अजून उभेच होते. त्यांनी मोठ्या मनानं माईक माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "ताई, आजच्या दिवशी दोन शब्द?"

मी माईक घेतला. "साहेब," मी म्हटलं, "तुमी आता बसा. मला जरा उभं राहायचंय."

पुरुष हसले, कारण त्यांना तोही खेळाचाच भाग वाटला. बायका हसल्या नाहीत. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून मला उभं केलं. साहेब बसले. बसण्यावाचून इलाज नव्हता, कारण बायका थांबेनात. केक कापला गेला. नवऱ्यानं शाल पांघरूनच उरलेला शो केला.

परतीच्या वाटेवर नवरा चिडेल असं मला वाटलं होतं. तो खूश होता! "कसलं टायमिंग साधलंस! पब्लिक येडं झालं. आपण हे असंच बसवू. भाषण चालू, आन मधीच राजकन्या." तो बोलतच होता. मी विचारलं, "मी ठोकलेलं ऐकू आलं हुतं का?"

"आलं की. म्हणून तर थांब म्हणलं."

"आन पेटी पळून चाललीय का म्हणलात ते?"

"अगं, बोलायची पद्धत असती."

मी म्हटलं, "मी आता पेटीत बसणार न्हाई. पुढच्या सीझनला न्हाई आन ह्यालाबी न्हाई." ड्रायव्हरनं चालू असलेलं गाणं बंद केलं. नवऱ्याला हा वाद वाटला, म्हणून त्यानं विषय बदलला. पण तो वाद नव्हता.

डॉक्टरांनी पाठीत इंजेक्शन दिलं, कमरेला पट्टा दिला आणि सांगितलं की थोडक्यात निभावलं. पाय आहे. थंडीत थोडा आखडतो, पण आहे. आता शोमध्ये दोरी, कडी आणि रुमाल माझे. कबुतर आणि बडबड त्याची. माझी ओळख करून देताना तो मला आपली शिष्या म्हणतो, आणि मीही बंगालहून शिकून आले आहे असं सांगतो. मनमाडला तर मी त्याच्याइतकीही गेलेली नाही. टाळ्या पडतात. त्या कौतुकाच्या आहेत की जादूच्या, हे मी विचारत बसत नाही.

पण त्या गावातल्या कुणीतरी मोबाईलवर सगळं चित्रित केलं होतं आणि ते जिल्हाभर फिरलं. फोन सुरू झाले. कुणालाही दोरी नको होती. श्रीगोंद्यापासून राहुरीपर्यंत सगळ्यांना एकच खेळ हवा होता, भाषण चालू असताना मधूनच बाई निघते तो. आमच्या जिल्ह्यात भाषणं थांबवायचा दुसरा उपाय अजून सापडलेला नाही, त्यामुळे लोकांचं मी समजू शकते. नवरा प्रत्येक फोनला "बघतो, बघतो" म्हणायचा, मग संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसायचा, पायाला तेल लावून देऊ का विचारायचा, आणि तेल लावता लावता म्हणायचा, "एवढा एक सीझन गं. हात लावीन तिथं सोनं हाय."

परवा त्याचा फोन चार्जिंगला होता आणि तो अंगणात टेम्पो धूत होता. फोन वाजला तो मी घेतला. कुठल्या तरी दुसऱ्या साहेबांचा कार्यकर्ता होता. अगदी अजिजीनं बोलत होता. "मॅडम, तोच खेळ पायजे. आमचं साहेब लई लांबवत्यात. त्यांना कुनी थांबा म्हनू शकत न्हाई. तेवडी मधीच बाई काढा."

मी म्हटलं, "काढू की. पण बाई मधीच काढायची तर आधी आत घालावी लागती. साहेब वेशीत यायच्या आधीपासनं. मी आता बसत न्हाई, माझा पाय चालत न्हाई तेवढा. तुमच्या घरातली कुणी देता का? मंडळी, बहीण, कुणीबी चालंल. फक्त अंगानं बारीक पायजे, आन कितीबी वेळ झाला तरी आवाज करायचा न्हाई."

तो काहीतरी पुटपुटला आणि फोन ठेवला.

नवरा हात पुसत आत आला. "कुणाचा हुता? काय म्हणाले?"

"घरात इचारून सांगतो म्हणाले," मी म्हटलं. "तुमी कधी इचारलं हुतं?"